गूगल, मेटा आणि १९४७ चं एक निवेदन



जरीपटक्यातल्या बैठकीत एका तरुणाने विचारलं, “भाऊ, गूगल-मेटाच्या कोर्टकचेऱ्यांशी आपल्या चळवळीचा काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिलं. आपल्याला त्यातले स्वतंत्र मतदारसंघ तेवढे आठवतात. पण मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, आणि हे संविधानातच लिहावं, म्हणजे उद्याचं बहुमत ते मोडू शकणार नाही, अशीही मागणी त्यात होती. सरकारने हात काढून घेतला की कामगार स्वतंत्र होत नाही, खासगी मालकाच्या हुकूमशाहीत सापडतो, हा त्यामागचा युक्तिवाद.

ही मागणी संविधानात आली नाही. कलम ३९ मध्ये संपत्तीचं केंद्रीकरण होऊ नये एवढं तत्त्व आलं, तेही कोर्टात बजावून घेता न येणारं. त्याच तत्त्वावर १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा झाला. त्याची नजर थेट उद्योगसमूहाच्या आकारावर होती. १९९१ मध्ये मालमत्तेची मर्यादा उठली आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने भूमिकाच बदलली: मोठं असणं चालेल, फक्त वर्चस्वाचा गैरवापर नको.

या कायद्याने काहीच केलं नाही असं नाही. स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपच्या माहितीवरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. जाहिरातींसाठी ती माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षं बंदीही घातली. वर्षभरात अपील न्यायाधिकरणाने दंड ठेवला, बंदी उठवली.

कृत्रिम बुद्धिमत्तेत मात्र गैरवापर सिद्ध होईपर्यंत उशीर झालेला असतो. माहिती, महागडे संगणक आणि ते चालवणारी केंद्रं मूठभरांकडेच आहेत. नवे स्पर्धक म्हणावेत, तर ओपनएआयमध्ये मायक्रोसॉफ्टचा पैसा, अँथ्रॉपिकमध्ये गूगल आणि अॅमेझॉनचा. तरी अमेरिकेच्या कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलला क्रोम विकायला लावलं नाही, आणि त्यासाठी याच नव्या स्पर्धेचा हवाला दिला!

१९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. तेव्हा निदान आपलं पाक्षिक आपण काढू शकलो. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा वर्गणी गोळा करून उभी राहत नाही. त्या तरुणाला मी ते निवेदन दिलंय. पुढच्या बैठकीत तोच त्यावर बोलणार आहे.