नारायण मोरेश्वर खरे

पंडित नारायण मोरेश्वर खरे हे हिंदुस्थानी संगीतातील गायक आणि संगीतशिक्षक होते. लाहोरमध्ये १९०१ साली गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे गुरू. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन या गुरुबंधूंनी मैफली गाजवल्या; खरे यांनी आश्रमाची वाट धरली.

साबरमती आश्रमासाठी गांधीजींनी पलुस्करांकडे संगीतशिक्षक मागितला, तेव्हा त्यांनी खरे यांना पाठवले. तिथे समोर गाण्याची तालीम घेतलेले शिष्य नव्हते, तर सूत कातणारी, कष्ट करणारी माणसे आणि मुले होती. या सर्वांना एका सुरात प्रार्थना म्हणता यावी, हे खरे यांचे काम ठरले. त्यासाठी त्यांनी 'आश्रम भजनावली' संकलित केली. तिच्यात मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांतील भजने आहेत.

१९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर निघालेल्या सत्याग्रहींमध्ये खरेही होते. १९३८ मध्ये हरिपुरा येथे त्यांचे निधन झाले.

१९३६ पासून गांधीजी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला राहू लागले. साबरमतीची सकाळ-संध्याकाळची सामूहिक प्रार्थना तिथेही सुरू राहिली.