कौल, पत्रा आणि विजेचं बिल

16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उन्हाच्या तडाख्याने 14 माणसं दगावली. खारघर आमच्या पनवेल महापालिकेतच येतं. रमजानचे शेवटचे दिवस होते. मोहल्ल्यात त्यावर बरीच चर्चा झाली. भरदुपारी कार्यक्रम का ठेवला, मंडप का नव्हता, पाण्याची सोय काय होती, असे प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. पण त्याच दुपारी मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका रोजा धरून पत्र्याखाली इफ्तारचा स्वयंपाक करत होत्या. मैदानातलं ऊन सगळ्यांना दिसतं, घरातलं ऊन फक्त घरच्यांनाच कळतं.

पनवेलची घरं पहिल्यापासून अशी तापत नव्हती. जुनी घरं कुंभाराच्या नळीच्या कौलांची. पुढे मंगळुरी कौल आलं. जर्मन-स्विस बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर बंदरोबंदर गेली. कौलाचा गुण असा की दोन कौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, माळा मधे ढालीसारखा उभा राहतो आणि संध्याकाळी कौल लवकर निवतं. त्याची किंमत मात्र दरवर्षी मोजावी लागे. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, वासे तपासायचे. दादी म्हणायची, माकडं आणि मे महिना एकदमच येतात.

शाकारणीची मजुरी वाढली, माणसं मिळेनाशी झाली, लाकूड महागलं. मग पत्रा आला. पन्हळी पत्र्याचं पेटंट 1829 मध्ये लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री पामर या इंजिनिअरने घेतलं होतं. थंड, ओल्या देशातल्या गोदामांसाठी तो उत्तमच होता. आपल्याकडे त्याच्याखाली माणसं राहू लागली. ज्यांना परवडलं त्यांनी स्लॅब टाकला. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यावर आसपासची गावं आणि खाजण जमिनी पाहता पाहता सिमेंटच्या झाल्या. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको.

याच्या नेमका उलटा प्रश्न थंड देशांत होता. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने 1976 मध्ये गरीब घरांच्या भिंती, छपरं, खिडक्या सरकारी खर्चाने बंदिस्त करण्याची योजना सुरू केली. ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन या संशोधक बाईंनी 1991 च्या आपल्या पुस्तकात इंधन-गरिबीचं मोजमाप मांडलं: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसा लागत असेल तर ते घर इंधनाच्या बाबतीत गरीब. सन 2000 मध्ये तिथे याविषयी कायदा झाला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘वॉर्म फ्रंट’ योजना आली. ती 2013 पर्यंत चालली. बर्मिंगहॅमला स्थायिक झालेल्या आमच्या एका आत्याच्या घरात सरकारी खर्चाने माळ्यावर लोकरीसारखा जाड थर अंथरला गेला. गॅसचं बिल उतरलं, पण तिला त्याहून मोठं वाटलं ते हे की फूफांचा हिवाळ्यातला खोकला कमी झाला.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या योजनांनी बिलाच्या आधी घराकडे पाहिलं. आपण अजून बिलाकडेच पाहतो.

हिशेबच करू. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वस्त दर मिळतो, पण वापर वर्षाला 360 युनिटच्या आत असेल तरच. म्हणजे महिन्याला 30 युनिट. जुना छताचा पंखा 75 वॉटचा असतो. तो दिवसाचे बारा तास फिरला की महिन्याला 27 युनिट होतात. दिव्याला, मोबाइलला उरले तीन. आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात पंखा बारा तासांवर थांबतो थोडाच? सर्वसाधारण घरगुती ग्राहकाचंही तसंच. 2024-25 च्या दरांत शंभर युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटचा वीज आकार पहिल्या शंभरच्या दुपटीहून जास्त होता. सवलत तापलेल्या छपरातूनच उडून जाते.

हे ओळखणारे आपल्याकडेही आहेत. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत हात पोळल्यावर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2017 मध्ये सुमारे तीन हजार वस्तीतल्या छपरांना पांढरा लेप देऊन पाहिला. तेलंगणाने शीत-छप्पर धोरण जाहीर केलं ते एप्रिल 2023 मध्ये, म्हणजे खारघरच्याच महिन्यात. 300 चौरस किलोमीटर छपरांचं उद्दिष्ट त्यांनी ठेवलं. पण सक्ती आहे ती सरकारी, व्यापारी आणि सहाशे चौरस यार्डांवरच्या निवासी बांधकामांना. लहान घर ऐच्छिक. ज्याच्याकडे एसी आहे त्याला नियम आणि ज्याच्याकडे पंखा आहे त्याला मर्जी, हे मला उलटं वाटतं.

शिवाय हैदराबादचा चुना पनवेलला चालत नाही. इथला पाऊस एका हंगामात तो धुऊन नेतो आणि उरलेल्यावर शेवाळ धरतं. इथे उपयोगी पडते ती सावली. गळती थांबवायला लोकांनी आपल्या गच्च्यांवर लोखंडी सांगाडे उभारून पत्रे टाकले आहेत. पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळतो आणि खालची खोली निवते. म्हणजे कौल आणि माळ्याचीच जुनी युक्ती, नकळत परत आलेली. पण शेड घालायला एकरकमी पैसे लागतात, आणि मोहल्ल्यातले निम्मे भाडेकरू. घरमालकाच्या छपरावर ते कशाला खर्च करतील? घरमालक म्हणतो, बिल तर तुम्हीच भरता.

आमच्या शेजारच्या खालांनी गेल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली जुन्या साड्या दुहेरी ताणून बांधल्या. साड्यांना आगीची भीती असते, म्हणून चुलीच्या बाजूचा कोपरा त्यांनी तसाच उघडा ठेवलाय. रोज दुपारी त्या चुलीपाशीच बसतात.