विलिंग्डनचं दार आणि सोमवारचे कॅडी



नगरमध्ये उभं राहून गोल्फवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपला खेळ कुस्तीचा. गावच्या जत्रेतला हगामा, पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या सुरुवातीला, इथे वाडिया पार्कवर झालेली महाराष्ट्र केसरी. हगाम्याला सभासद नसतात. जो येईल तो मातीच्या कडेला बसतो आणि ज्याच्या अंगात रग आहे तो लंगोट कसून आत उतरतो. गोल्फचं बरोबर उलट. तिथे आधी दार, मग दारावरचा माणूस, मग सभासदांची यादी, आणि या सगळ्यातून पार पडलात तर हिरवळ. मग अशा बंद दाराआड अजिंक्यपदाची परंपरा तयार होते ती नेमकी कोणाची, हा आजचा माझा विषय आहे.

आपल्याकडे गोल्फ किती जुना, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याच्याइतका जुना गोल्फ क्लब नाही. मुंबईचा १८४२ चा, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच्याही अकरा वर्षं आधीचा. आणि मुंबईकर साहेबांचा तोरा बघा. गोल्फचं माहेरघर म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबला या लोकांनी मुंबईहून पदक पाठवलं. तिथल्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला मिळणारं ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ ते हेच. पुढे १८९२ मध्ये कलकत्त्यात अखिल भारतीय हौशी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेची अशी स्पर्धा १८९५ ची, म्हणजे आपल्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी.

आता ‘आपल्यापेक्षा’ हा शब्द मी सहज वापरला खरा, पण तो तपासून घ्यायला हवा. अखिल भारतीय म्हणायचं आणि भारतीय माणसाला क्लबात घ्यायचं नाही, असा तो प्रकार होता. कलकत्त्याच्या त्या क्लबाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत भारतीयांना सभासद करून घेतलं नाही.

याला पहिली मोठी फट पडली ती मुंबईत, आणि ती पाडली एका गव्हर्नराने. लॉर्ड विलिंग्डन १९१३ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. मूळचा क्रिकेटपटू. केंब्रिजकडून खेळलेला, ससेक्सकडून खेळलेला. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज याच माणसाच्या नावाचं. गोष्ट अशी सांगतात, की त्याने एका संस्थानिकाला यॉट क्लबात जेवायला बोलावलं आणि दारावरच अडवलं गेलं, कारण पाहुण्याचा रंग. त्या रागातून त्याने नवा क्लब काढला. संस्थानिकाचं नाव प्रत्येक सांगणारा वेगळं घेतो, तेव्हा तपशिलाला दंतकथेइतकीच किंमत द्यावी. पण क्लब निघाला हे पक्कं. १९१८ साली, ताडदेवला, हाजीअलीच्या जवळ, महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या शेजारी विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. गोरा आणि काळा एकाच मैदानात खेळणार, एकाच व्हरांड्यात बसणार, हे त्याचं वैशिष्ट्य. अठरा होलचा त्याचा गोल्फ कोर्स आजही मुंबईच्या ऐन मध्यात आहे. जिथे चौरस फुटाचा भाव ऐकून घाम फुटतो, तिथे.

इथपर्यंत ऐकलं की विलिंग्डनबद्दल आदर वाटायला लागतो. थोडं थांबा. तेच साल, १९१८. डिसेंबर महिना. विलिंग्डन मुंबई सोडणार म्हणून टाउन हॉलमध्ये, आज आपण ज्याला एशियाटिक म्हणतो तिथे, त्याच्या गौरवाची सभा भरली. मुंबईचे शेठ, सर, रावबहादूर जमले. आणि बॅरिस्टर जिना आपले लोक घेऊन सभेत घुसले. या माणसाचा गौरव मुंबईच्या नावाने होणार नाही, असा पवित्रा. गोंधळ इतका झाला की पोलिसांनी सभागृह रिकामं केलं. नंतर लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावाचा हॉल बांधला. तो मुंबईत काँग्रेस हाउसच्या आवारात आहे. आणि तेरा वर्षांनी, जानेवारी १९३२ मध्ये, याच विलिंग्डनने व्हाइसरॉय म्हणून गांधीजींना अटक करून येरवड्याला धाडलं.

म्हणजे एका हाताने क्लबाचं दार उघडणारा आणि दुसऱ्या हाताने तुरुंगाचं दार लावणारा माणूस एकच. मला यात विसंगती दिसत नाही. विलिंग्डनला हिंदी माणूस शेजारी चालत होता, फक्त तो बरोबरीने राज्य मागणारा नको होता. आणि दार उघडलं ते कोणासाठी? महाराजा, गिरणीमालक, बॅरिस्टर, सर. रंगाचा अडसर निघाला. ऐपतीचा तसाच राहिला.

रंगाचा अडसर काढणं ही क्षुल्लक गोष्ट होती असं मात्र कोणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचा एक कॅडी होता, पापवा सेवगोलम. हातांची पकड उलटी, शिकवायला कोणी नाही. त्याने तीन वेळा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बनच्या कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली, तेव्हा त्याला क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता आणि त्याने चषक पावसात उभं राहून घेतला. आतले लोक काचेआडून बघत होते. त्या एका प्रसंगाचा फोटो जगभर गेला.

आपल्याकडे कॅडी पावसात उभा राहिला नाही असं म्हणवत नाही. तो रोजच उभा होता, फक्त फोटो काढायला कोणी नव्हतं. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग वाहणारा पोरगा. मैदानाचा चढउतार, गवताचा कल, वाऱ्याची दिशा त्याला सभासदापेक्षा जास्त कळते. सभासद त्यालाच विचारून फटका मारतो. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. या सोमवारच्या खेळातून जे तयार झालं त्याला मी भारतीय गोल्फची खरी परंपरा मानतो.

हिशेब बघा. इंडियन ओपन १९६४ ला सुरू झाली, पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. पुढच्याच वर्षी पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर पंचवीस वर्षं एकही भारतीय नाही. १९९१ मध्ये जिंकला अली शेर. कोण हा? दिल्लीच्या क्लबावरचा कॅडी. १९९३ मध्ये तोच पुन्हा जिंकला. क्लब बांधले सभासदांनी, चषक आणले बॅग वाहणाऱ्यांनी!

दुसरा रस्ता लष्कराचा. छावणी आली की गोल्फ येतो, हे तुम्हा भिंगारच्या शेजाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाणी नसलेल्या छावण्यांत हिरवळीच्या जागी तेल मिसळलेल्या वाळूचा गोल करत. त्याला ‘ग्रीन’ कसं म्हणणार, म्हणून ‘ब्राउन’ म्हणत. नगरसारख्या दुष्काळी मुलुखाला तोच शोभतो, असं माझं मत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते, ते आठवून बोलतोय. असो. तर लष्करी नोकरीतल्या माणसाच्या मुलाला क्लबाची फी न भरता काठी हातात मिळते. पुण्यात १९८७ साली जन्मलेला अनिर्बान लाहिरी हा लष्करी डॉक्टरांचा मुलगा, याच वाटेने आलेला.

आणि दुसरीकडे शिवशंकर प्रसाद चौरसिया. ज्या कलकत्त्याच्या क्लबाने भारतीयांना बाहेर ठेवलं, त्याच क्लबात त्याचे वडील गवत राखायला होते. पोरगा तिथेच वाढला, तिथेच खेळ बघून बघून शिकला. २०१५ च्या इंडियन ओपनला दिल्लीत हे दोघे समोरासमोर आले. शेवटच्या दिवशी सकाळी लाहिरी सात फटक्यांनी मागे होता. संध्याकाळी दोघांची बरोबरी झाली, जादा होल खेळवावं लागलं आणि लाहिरी जिंकला. चौरसिया त्या स्पर्धेत त्याआधीही दुसरा आला होता. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर तो जिंकला, लाहिरी दुसऱ्या जागी. २०१७ मध्ये माळ्याच्या मुलाने चषक पुन्हा घरी नेला.