"आराम करा" म्हणण्याआधी

पुण्याला आईला किंवा काकांना कर्करोगाचं निदान झालं की व्हिडिओ कॉलवर आपण इकडून काय म्हणतो? "आता काही करू नका, आराम करा." एवढ्या लांबून दुसरं काय देता येणार? त्यात माया असते. पण या सल्ल्याला इतिहास आहे, आणि तुम्ही राहता त्या नेदरलँड्समध्ये तो बराच पुढे सरकलाय.

१९४८ मध्ये राणी विल्हेल्मिना यांच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली. लोकांनी जमवलेली भेटीची रक्कम कर्करोगाविरुद्धच्या कामाला द्यावी, अशी राणीची इच्छा होती. त्यातून १९४९ मध्ये केडब्ल्यूएफ ही संस्था उभी राहिली. तेव्हा उपचार म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरणं, त्यानंतर अंथरूण. रुग्ण थकलेला, म्हणून विश्रांती. विश्रांतीने स्नायू झिजतात, जिना चढताना धाप लागते, म्हणून आणखी विश्रांती. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोत मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकेने केमोथेरपी चालू असलेल्या स्त्रियांना चक्क व्यायामाच्या सायकलवर बसवलं. त्यांची मळमळ कमी झाली.

सायकल म्हटल्यावर डच मागे कसे राहतील! १९८६ मध्ये इथल्या संशोधकांनी ५५ ते ६९ वयाच्या १,२०,८५२ लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली. मुख्य विषय आहार, पण चालणं, सायकल, बागकाम यांचीही नोंद झाली. पुढे दिसलं की रोज दीड तासाहून जास्त हालचाल करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका, अर्ध्या तासाहून कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी होता. कमी, शून्य नव्हे. रोज सायकल चालवणाऱ्यालाही कर्करोग होतो, आणि "व्यायाम केला असतास तर" हे वाक्य कुठल्याही रुग्णाला ऐकवू नये.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली पेसेस ही डच चाचणी. केमोथेरपी घेणारे २३० रुग्ण, बहुतेक स्तनाच्या कर्करोगाचे. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जोरकस व्यायाम, दुसऱ्याला घरच्या घरी हलका व्यायाम आणि नर्सचं प्रोत्साहन, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. जोरकस गटात औषधाचा डोस बदलावा लागण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे ठरलेली केमो ठरल्याप्रमाणे देता आली! पण हलक्या गटालाही फायदा झाला: मळमळ, उलट्या, वेदना कमी.

हे सांगायचं कारण, इथे कर्करोग आणि व्यायाम म्हटलं की 'आल्प द्युझेस' आठवतं. २००६ पासून लोक फ्रान्समधला आल्प द्युएझ हा घाट एका दिवसात सहा वेळा सायकलने चढून केडब्ल्यूएफसाठी पैसे उभे करतात. 'हार मानणं हा पर्याय नाही' हे त्यांचं घोषवाक्य. निधीसाठी छान आहे. पण केमोच्या तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठून गॅलरीपर्यंत जाणाऱ्या बाईला घाट दाखवू नये. तिचं गॅलरीपर्यंत जाणंही मोजावं.

आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करायला लावू नका. आजार हाडांत पसरला असेल किंवा रक्तातल्या पेशी खूप कमी झाल्या असतील, तर कुठला व्यायाम चालेल हे बदलतं.

घरच्यांना डच सायकली पटल्या नाहीत तर परळचं उदाहरण द्या. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी योगाची मोठी चाचणी घेतली. त्या योगात सौम्य आसनं होती, प्राणायाम होता, आणि मध्येमध्ये आरामही होता.