‘न्द्रांगेता’ : एका संघटनेचा समाजप्रवेश

इटलीच्या दक्षिण टोकास असलेल्या कालाब्रिया प्रांतातील गुन्हेगारी संघटनेस ‘न्द्रांगेता’ हे नाव आहे. हा शब्द पौरुष व सदाचार या अर्थाच्या ‘आंद्रागाथिया’ या ग्रीक शब्दापासून आला असे सामान्यतः मानले जाते. आस्प्रोमोन्ते पर्वतातील काही खेड्यांत ग्रीक बोली अद्याप टिकून आहे, हे ध्यानात घेता ही व्युत्पत्ती नवलाची नाही. नवल आहे ते अर्थाचे. सद्गुणाचा वाचक शब्द खंडणी, अपहरण व अमली पदार्थांच्या व्यापाराचे नाव बनला.

संघटनेने समाजाकडून केवळ शब्दच उसना घेतला नाही. तिचा मूळ घटक ‘न्द्रिना’ हा प्रायः रक्ताच्या नात्यावर उभा असतो, आणि घराण्यांची जोडणी विवाहांनी होते. दीक्षाविधीस ‘बाप्तिस्मा’ म्हणतात. सान लुकाजवळील पोल्सी येथील मरियममातेच्या यात्रेच्या आडोशाने प्रमुखांच्या बैठका भरत. अशा स्थितीत साक्ष देणे म्हणजे स्वतःच्या घराविरुद्ध उभे राहणे होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर कालाब्रियातील असंख्य श्रमिक तोरिनो, मिलानो, जर्मनी, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे गेले. संघटनेच्या प्रसाराचे कारण केवळ हे स्थलांतर होते, असे मात्र म्हणता येत नाही. १९५६ व १९६५ च्या कायद्यांन्वये संशयितांना दूरच्या गावी सक्तीने वास्तव्य करावयास लावले जाई. गावापासून तोडल्याने गुन्हेगार दुबळा होईल, ही अपेक्षा फोल ठरली. नाते त्याच्यासमवेत गेले. पिएमोन्तेतील बार्दोनेक्किया येथे बांधकामाच्या व्यवसायात संघटनेने पाय रोवले आणि १९९५ मध्ये तेथील नगरपरिषद बरखास्त करावी लागली. उत्तर इटलीतील हा असा पहिलाच प्रसंग. स्वस्त मजुरी व मतांचे गठ्ठे यांची गरज स्थानिकांनाही होती.

१५ ऑगस्ट २००७ रोजी जर्मनीतील डुइसबुर्ग येथे सहा जणांची हत्या झाली. वैर सान लुकातील दोन घराण्यांचे होते. एका मृताच्या खिशात जळालेले देवदूताचे चित्र मिळाले. दीक्षाविधीची ती खूण होती. गावातील वैर व विधी दोन्ही सीमा ओलांडून आले होते.

संघटित गुन्हेगारीविषयीच्या १९८२ च्या कायद्यात या संघटनेचे नाव २०१० मध्ये स्पष्टपणे घालण्यात आले. लामेत्सिया तेर्मे येथील खटल्यात २०२३ मध्ये दोनशेहून अधिक आरोपी दोषी ठरले. तिला कालाब्रियाची ‘संस्कृती’ म्हणणारे अभ्यासक, तिने चोरलेले शब्द तिचेच म्हणून मान्य करतात. ते शब्द ज्यांचे आहेत, त्या कालाब्रियन दुकानदाराने व शेतकऱ्यानेच तिची खंडणी सर्वांआधी भरली आहे.