गहू, व्हिएतनाम आणि जॉन्सनसाहेबांचा आखूड दोर

आजचा विषय गव्हाचा आहे, पण शेतीचा नाही. परराष्ट्र धोरणाचा आहे.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना रेशनवरच्या लाल मिलोबद्दल विचारून बघा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालत. आपल्याकडे दुष्काळात तिच्या लालसर भाकरी करून लोकांनी दिवस काढले. आमच्या घरातली जुनी माणसं मिलोचं नाव निघालं की अजून तोंड वाकडं करतात, आणि लगेच म्हणतात, "पण तीच खाऊन जगलो." मदत आणि अपमान एकाच घासात. मला आज या घासाबद्दल बोलायचंय.

सुरुवात १९५४ पासून करू. अमेरिकेची गोदामं धान्याने ओसंडत होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात एक कायदा झाला, पब्लिक लॉ ४८०. आपल्याकडे त्याला सगळे 'पीएल ४८०' म्हणायचे. जास्तीचं धान्य मित्रदेशांना द्यायचं आणि पैसे त्यांच्याच चलनात घ्यायचे. भारताकडे डॉलरचा कायम दुष्काळ, त्यामुळे रुपयात गहू मिळणं ही पर्वणीच होती. पहिला करार १९५६ मध्ये झाला. मे १९६० मध्ये तेव्हाचे अन्नमंत्री, आपले मुंबईचे स. का. पाटील, वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांचा मोठा करार करून आले: १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. त्यांची गोदामं रिकामी, आपली रेशन दुकानं भरलेली. दोघंही खूश.

पण सवय वाईट असते. गहू बाहेरून येतोय म्हटल्यावर दिल्लीचं शेतीकडे लक्ष कमी झालं.

१९६५ च्या जूनमध्ये चालू कराराची मुदत संपली. तोवर लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी नवा दीर्घ करार करायचं टाळलं. त्याऐवजी थोड्या थोड्या महिन्यांपुरता गहू मंजूर करायचा आणि पुढच्या खेपेची फाईल स्वतःच्या टेबलावर ठेवायची, असं सुरू झालं. या धोरणाला तिकडे आखूड दोराचं धोरण म्हणत. गाय खुंट्याला बांधायची आणि दोर असा ठेवायचा की चारा तोंडाशी येईल, पण मान वळणार नाही.

त्यातच १९६५ चा पाऊस दगा देऊन गेला. १९६४-६५ मध्ये साधारण ८ कोटी ९० लाख टन झालेलं धान्य पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाखांवर आलं. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. १९६६ लाही पाऊस रुसला आणि बिहारमध्ये परिस्थिती फार बिघडली. १९६६ या एका वर्षात आपण सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं. जहाज बंदराला लागायचं आणि धान्य जवळजवळ तसंच रेशनच्या रांगेत जायचं. मधे साठा असा नव्हताच.

आता दोराला काय काय बांधलं होतं ते बघा.

एक गाठ शेतीची. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात गुपचूप समझोता झाला: भारताने खत, बियाणं आणि शेतीवरचा खर्च वाढवायचा. यात गंमत अशी की सुब्रमण्यम यांना हेच हवं होतं, त्यासाठी ते मंत्रिमंडळात आधीपासून भांडत होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं आणि पुढच्या दोन वर्षांत पंजाबचं चित्र बदललं.

दुसरी गाठ पैशाची. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एकदम साडेसात रुपयांना गेला. त्यामागे जागतिक बँक आणि अमेरिका यांचा दबाव होता, आणि इंदिरा गांधींना घरच्या मैदानावर त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

तिसरी गाठ व्हिएतनामची. अमेरिकेच्या बॉम्बफेकीवर भारत जाहीर टीका करत होता. जुलै १९६६ मध्ये इंदिराजी मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात बॉम्बफेक थांबवायची मागणी झाली. जॉन्सन भडकले. त्यानंतरच्या महिन्यांत मंजुरी रेंगाळू लागली, तीही बिहार करपत असताना.

जॉन्सन यांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी मार्च १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसकडे भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्य मागितलं आणि मिळवलं. त्या काळात अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा भारताकडे आला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा इतर देशांनीही वाटा उचलावा, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. बिहारमध्ये माणसं मेली, पण १९४३ चं बंगाल पुन्हा घडलं नाही.

मग जॉन्सन बरोबर की चूक? मला वाटतं, प्रश्न गाठ सोडवून विचारायला हवा. शेती सुधारा ही अट जाचक असेल, पण तिचा संबंध भुकेशी होता. पुढच्या वर्षी भूक कमी व्हावी म्हणून घातलेली अट होती ती. व्हिएतनामवर गप्प बसा, याचा बिहारमधल्या भुकेशी काडीचा संबंध नव्हता. तिथे भूक हे साधन झालं. पहिल्या अटीवर वाद घालता येतो. दुसरी अट म्हणजे माणूस बुडत असताना त्याच्याकडून कागदावर सही घेणं.

हा फरक किती महाग पडू शकतो ते १९७४ मध्ये बांगलादेशात दिसलं. नव्या देशाने क्यूबाला तागाची पोती विकली. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला पीएल ४८० ची मदत नाही, असा अमेरिकी नियम. मदत अडकली. बांगलादेशाने निर्यात थांबवली, पण धान्य पोचेपर्यंत दुष्काळाचे सर्वात वाईट महिने उलटून गेले होते. पूर, भाववाढ, साठेबाजी ही कारणंही होतीच. मृत्यूंचा सरकारी आकडा सुमारे २६ हजार. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट.

भारतापुरतं बोलायचं तर दोराने अमेरिकेला काय मिळालं? व्हिएतनामवरची भारताची भूमिका बदलली नाही. दिल्लीने धडा घेतला तो एवढाच, की पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. १९७१ च्या अखेरीस पीएल ४८० चा गहू थांबला. कोट्यवधी लोकांना जगवणारी मदत, आणि आठवणीत राहिला तो दोर.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आता तोटी कधीकधी आपल्या हातात असते. जानेवारी २०२१ मध्ये भारताने शेजाऱ्यांना कोविडची लस पाठवायला सुरुवात केली. दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. पुण्यात बनणाऱ्या लशीवर अवलंबून असलेल्या आफ्रिकी देशांत लोक दुसऱ्या डोसची वाट बघत राहिले. मे २०२२ मध्ये गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. गरजू देशांच्या सरकारांनी मागणी केली तर विचार करू, अशी सोय ठेवली होती.

आधी घरचं बघणं हा गुन्हा नाही. नाही म्हणणंही गुन्हा नाही, फक्त ते वेळेवर आणि स्पष्ट सांगावं, म्हणजे समोरचा दुसरं दार ठोठावू शकतो. पण आपल्याकडे आहे, समोरच्याला हवंय, आणि आपण म्हणतोय की आधी अमुक ठरावावर आमच्या बाजूने मत द्या, हा मोह आपल्यालाही होणार. तेव्हा आपल्या परराष्ट्र खात्यात कुणाला तरी लाल मिलोची चव आठवायला हवी.