‘डीटूर’ : एका आडवाटेची पुनर्भेट

चित्रपटांच्या इतिहासात श्रीमंतांची नोंद आधी होते. परंतु हॉलिवूडमधील ‘प्रोड्युसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन’ या तुटपुंज्या भांडवलाच्या संस्थेने १९४५ साली काढलेल्या ‘डीटूर’ या ६८ मिनिटांच्या गुन्हेपटाला १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत स्थान मिळाले. दिग्दर्शक एडगर उल्मर हे मोराव्हियात जन्मलेले, व्हिएन्नात वाढलेले ज्यू गृहस्थ. सहा दिवसांत चित्रण उरकल्याचे ते सांगत. संशोधकांनी हा काळ त्याहून अधिक ठरविला आहे. कलावंताची एवढी अतिशयोक्ती आम्ही क्षम्य मानतो, कारण दारिद्र्य पडद्यावर दिसतेच. न्यूयॉर्कचे रस्ते उभारण्यास पैसा नव्हता, तेथे धुके सोडून भागविले. काही दृश्यांची फीत उलटी छापल्यामुळे अमेरिकेतील मोटारी आपल्याकडच्यासारख्या डावीकडून धावतात!

पियानोवादक अ‍ॅल रॉबर्ट्स प्रेयसीच्या भेटीसाठी वाटेतल्या मोटारींना हात दाखवीत कॅलिफोर्नियाकडे निघतो. त्याला मोटारीत घेणारा हॅस्केल वाटेतच मरतो. अ‍ॅल पोलिसांकडे न जाता त्याचे कपडे, पैसा आणि नाव घेतो. पुढे व्हेरा त्याचे बिंग ओळखते. अ‍ॅन सॅव्हेज यांनी या स्त्रीला दिलेला विखार विसरता येत नाही. दूरध्वनीच्या तारेने तिचाही अंत होतो. दोन्ही मृत्यू अपघाताने झाले, असे आपण केवळ अ‍ॅलच्याच तोंडून ऐकतो. पापनिवेदन ऐकण्यात वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांचे कान येथे टवकारतात. त्याच्या कथनात दैव पुनःपुन्हा येते, पश्चात्ताप मात्र शोधावा लागतो. हॅस्केलच्या खिशात हात घालताना दैवाने काही त्याचे मनगट धरले नव्हते.

चित्रपटाच्या शेवटाशी आम्हां कॅथलिकांचा संबंध आहे. १९३० च्या चित्रपट-आचारसंहितेचा मसुदा येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रापंचिक यांनी घडविला. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांनी ती कठोरपणे राबविली. गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखविण्यास तिच्यात मज्जाव होता. म्हणून अखेरीस अंधाऱ्या रस्त्यावर पोलिसांची मोटार येते. प्रथम पाहताना आम्हांस हे ठिगळ वाटले होते. दुसऱ्या वेळी ध्यानात आले, की आपण हात न दाखविताही एखादी मोटार कधीतरी थांबेल, असे अ‍ॅल मनाशी म्हणत असतानाच ती थांबते. ती खरोखर आली की भयाने त्याला दिसली, हे उल्मर सांगत नाहीत. फादर लॉर्ड यांच्या संहितेची अट पुरी झाली. अ‍ॅल मात्र मोटारीत बसेपर्यंत दैवालाच बोल लावीत राहतो.